हिच्या पिस्तुलाची मूठ

२ नोव्हेंबर, रविवार

मेव्हणी म्हणाली, "भावोजी, बोलत नाही तर लिहा तरी. एक ओळ लिहिलीत तरी चालेल. नाहीतर तुमच्या तोंडाला एक दिवस कुलूप लागायचं आणि किल्ली आमच्याकडेही नसायची." जाताना ही वही टेबलावर ठेवून गेली.

माझी बायको ऑगस्टमध्ये गेली. आठवडाभराचा ताप, मग दवाखाना, मग नाही. 'बायको' असं लिहिलं की ती दुसऱ्या कोणाची तरी वाटते, म्हणून पुढे 'ही' असंच लिहीन.

लेकीने आज पुन्हा हिच्या पिस्तुलाची पेटी काढली. हवेचं पिस्तूल आहे, दहा मीटरवरच्या कागदावर छर्रे मारायचं. ही दर रविवारी क्लबात जायची. लेक रिकामं पिस्तूल उजव्या हातात घेते, नळी भिंतीकडे करते आणि डोळे मिटून बसते. चापाला बोटही लावत नाही.

"शिकायचंय का तुला?"

"नाही."

"मग?"

"काही नाही. धरलंय नुसतं."

थोड्या वेळाने पेटीत ठेवलं आणि चहा प्यायली. कप धरताना तिची करंगळी मधल्या पेरापासून शेजारच्या बोटाकडे वाकते. हिचीही तशीच होती, मेव्हणीचीही आहे. त्यांच्या घराचा शिक्काच आहे तो. पिस्तुलाच्या लाकडी मुठीला तळाशी त्या करंगळीपुरती एक तिरकी खोबण आहे. क्लबातल्या कप्तानने हिचा हात समोर ठेवून ती मूठ कोरली होती.

त्याच कप्तानचा काल फोन आला होता. हिचं तिथलं कपाट रिकामं करायचं आहे. घाई नाही म्हणाला, पण घाई नाही हे दोनदा म्हणाला.

९ नोव्हेंबर, रविवार

कपाट रिकामं केलं. एक स्वेटर, छर्ऱ्यांचे डबे, हात पुसायचं फडकं, अर्धी उरलेली खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी.

क्लब एका जुन्या गोदामाच्या तळघरात आहे. जिना उतरला की तेलाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. उभं राहायच्या पाच जागा, समोर कागद सरकवायच्या तारा. कप्तान कशाचाच कप्तान नव्हता, तो टपाल खात्यातून निवृत्त झाला आहे, पण सगळे त्याला कप्तानच म्हणतात. मी पिशवी भरून निघालो तर म्हणाला, "आलाच आहात कवळीवाले, तर चार छर्रे मारून जा. पिस्तूल आणलंय ना?"

मी कवळ्या बनवतो हे त्याला हिने सांगितलं असणार. पिस्तूल मी आणलं होतं, का ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं ते क्लबाला देऊन टाकायचा विचार होता.

त्याने पाय कसे ठेवायचे ते दाखवलं. नळीच्या टोकाला जो छोटा उभा तुकडा असतो त्याला माशी म्हणतात. "माशी बघायची, लक्ष्य नाही. लक्ष्य धूसर दिसू दे. लोक उलटं करतात आणि मग पिस्तुलाला शिव्या देतात." मग माझ्या डाव्या हाताकडे बघून म्हणाला, "हा असा लोंबकळत ठेवू नका. खिशात घाला. मोकळ्या हाताला काहीतरी धरायला लागतं, नाहीतर तो दुसऱ्याला हलवतो."

छर्रे कागदावर कुठेही गेले. एक तर कागदावरही नाही. पण वेळ कसा गेला कळलं नाही.

घरी येताना आमच्या जिन्यावर लक्षात आलं की तेवढा सगळा वेळ मला हिची आठवण झाली नव्हती. हिचं पिस्तूल हातात, हिच्या जागी उभा, आणि ही मनात नाही. दारापाशी थोडा वेळ थांबलो. दुसऱ्याच्या घरातून काही उचलून आणल्यासारखं वाटत होतं.

लेकीने विचारलं, "एवढा वेळ?" मी म्हणालो, कपाट फार भरलेलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा गेलो. लेकीला सांगितलं, लॅबमध्ये काम आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज खरं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "पिस्तूल परत आणाल ना पण?" मी म्हणालो, आणणारच, तिथे कशाला ठेवू. तिला बहुतेक चोरीची भीती वाटते.

क्लबात एक वकील येतो. त्याची पेटी उघडली की आत मखमल आहे आणि प्रत्येक वस्तूला वेगळा कप्पा. खास बूट, एका डोळ्याला झापड असलेला चष्मा, चापाचं वजन मोजायचं यंत्र. कप्तान म्हणतो, "वकिलाच्या पेटीत सगळं आहे, फक्त दहा नाहीत." दहा म्हणजे कागदाच्या मधोमध. वकील हसतो आणि म्हणतो, "आम्ही पुरावा गोळा करतोय, निकाल लागेल."

कप्तानने मला घरचा अभ्यास दिला. रोज संध्याकाळी कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं. छर्रा नाही, लक्ष्य नाही. हात उचलायचा, माशी बघायची, चाप हळू दाबायचा, हात खाली. "क्लबात तुम्ही फक्त मोजायला येता," तो म्हणाला. "शिकायचं भिंतीसमोर. तुमची मंडळी रोज करायची ना."

करायची. मला स्वयंपाकघरात चापाचा टक् असा आवाज ऐकू यायचा. आजवर मला वाटायचं ही पिस्तूल साफ करते आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

भिंतीसमोर उभा राहिलो. पलंगामागची पांढरी भिंत, हिने निवडलेला रंग. जमलं नाही. भिंतीत बघायला काही नसतं, म्हणून मन भरकटतं. क्लबात कागद असतो, माणसं असतात, तिथे बरं असतं. पाच मिनिटांत पिस्तूल ठेवलं.

३० नोव्हेंबर, रविवार

कप्तानने विचारलं, भिंत चालू आहे का. मी हो म्हणालो.

३ डिसेंबर, बुधवार

लॅबमध्ये आज एक बाई स्वतःच आल्या, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. दहा दिवसांपूर्वी सगळे दात काढलेले. नातवंडांच्या शाळेत कसलासा कार्यक्रम आहे, त्याआधी कायमची कवळी हवी. मी समजावलं की हिरड्या अजून बसायच्या आहेत. आज मापाची बनवली तर दोन महिन्यांत सैल होईल, मग घासाघास, मग जखमा. तोवर तात्पुरती वापरा. बाई रडवेल्या झाल्या. "मला हे रिकामं तोंड आरशात बघवत नाही हो," म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, घाई केलीत तर पुन्हा माझ्याकडेच याल." शेवटी तात्पुरतीवर तयार झाल्या.

लोकांना थांबायला नको असतं.

७ डिसेंबर, रविवार

वकिलाने सांगितलेल्या दुकानातून बूट मागवले होते, आणि झापडवाला चष्मा. लेक कुरियरच्या कचेरीत आहे. खोकं तिच्याच हाताखालून गेलं आणि तिनेच घरी आणलं.

"बाबा, तुमच्या नावाचं पार्सल बघून साहेब विचारत होते, वडील कुठल्या मोहिमेवर निघालेत का."

"नेमबाजीचे बूट आहेत."

"पायाने मारतात का?"

मेव्हणी आली होती, ती खोकून खोकून हसली. मीही हसलो. मग तिघं एकदम थांबलो. बहुतेक तिघांनाही एकच वाटलं असणार.

मेव्हणी निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीशी बोलत जा, भावोजी. ती पेटी उघडून बसते ते बघता ना?" बघतो म्हणालो. तिचं म्हणणं बहुतेक असं होतं की पेटी कपाटात वर ठेवावी म्हणजे लेकीला त्रास होणार नाही. पण लेक मागेल तेव्हा पुन्हा काढून द्यावी लागेल, म्हणून राहू दिली.

क्लबात फेब्रुवारीत वार्षिक सामना असतो. मी नाव दिलं. कप्तानने पेन हातात धरून विचारलं, "तिच्या जागी की स्वतःच्या जागी?" मला फरक कळला नाही. "हिच्या जागी," म्हणालो. त्याने माझं नाव लिहिलं.

१४ डिसेंबर, रविवार

नव्या बुटांनी पाय हलत नाहीत हे खरं. पण छर्रे हलतातच. आज मूठ फार टोचली. हिचा हात माझ्याहून लहान, त्यामुळे तळहाताकडचा फुगवटा माझ्या हाडावर दाबतो आणि अंगठ्याची कड कापते. खाली करंगळीची खोबण, तिच्यात माझं सरळ बोट बसत नाही, तिच्या काठावर टेकतं आणि घसरतं.

वकील म्हणाला, "अहो, दुसऱ्याच्या मुठीने कोणी मारतं का? तुमच्या हातात कला आहे, घरात हत्यारं आहेत, आणि तुम्ही टोचून घेताय. करून टाका स्वतःच्या मापाची."

कप्तानला विचारलं. तो कागद बदलत होता, मागे वळला नाही. "मूठ हाताला बसवायचीच असते. पण आधी हात ठरू दे. तुमचा हात अजून दर रविवारी वेगळा पडतो. आज मापाची केलीत तर पुढच्या महिन्यात तुम्हीच म्हणाल, चुकली. भिंत किती झाली?"

"चालू आहे."

"तोवर क्लबातलं साध्या मुठीचं पिस्तूल घ्या," तो म्हणाला. ते जुनं आहे, त्याच्या मुठीवरचा रंग उडाला आहे. मला नको वाटलं. हिचं सोडून दुसरं धरणं हिला सोडून दिल्यासारखं वाटलं.

२१ डिसेंबर, रविवार

वकिलाने नवी माशी दिली, रुंद. फरक नाही.

२८ डिसेंबर, रविवार

आजही छर्रे कागदावरच्या काळ्या वर्तुळाच्या बाहेरच जास्त. काय चुकतं हे मला माहीत आहे, मूठ. बाकी सगळं मी बदललं.

भिंत नाही झाली. भिंतीसमोर उभं राहिलं की नको ते आठवतं. दवाखान्यातल्या खाटेची कडी. हिचे केस उशीवर. सरावासाठी हे योग्य नाही.

४ जानेवारी, रविवार

लॅब बंद होती. किल्ली माझ्याकडे असते. मूठ पिस्तुलावरून सोडवून घेऊन गेलो.

माझ्या हाताला रंग लावून ती धरली. जिथे रंग उतरला तिथे दाब जास्त, हे कवळीसारखंच. फुगवटा छोट्या मोटरने उतरवला, मग कानस, मग बारीक पॉलिश पेपर. अक्रोडाचं लाकूड आहे, घासताना छान वास येतो. वरचा थर काळपट, तेलकट होता. हाताच्या घामाने होतो तसा. तो गेल्यावर खालून फिकं लाकूड निघालं. अंगठ्याची कड गोल केली.

खोबण भरायची होती. गुलाबी पावडर तयार होती, हिरड्यांच्या रंगाची, तीच द्रवात कालवली. भरण्याआधी लाकडाला चरे पाडायला हवेत, नाहीतर भरण धरत नाही, हे मी नव्या मुलांना रोज ओरडून सांगतो. त्या जागी ब्लेड टेकवलं आणि हात पुढे गेला नाही. खोबण आतून काचेसारखी गुळगुळीत झाली होती, वापरून वापरून. तशीच भरली. घट्ट झाल्यावर वरून सरळ केली.

तपकिरी मुठीवर गुलाबी पट्टी विचित्र दिसते. पण हातात घेतली आणि प्रथमच कुठे टोचलं नाही.

घरी येऊन पिस्तुलाला लावली, पेटी बंद केली. लेक मैत्रिणीकडे गेली होती. मला काही वाईट केल्यासारखं का वाटतं आहे कळत नाही. वस्तू वापरायला असते. हीदेखील हेच म्हणाली असती.

११ जानेवारी, रविवार

आजवरचा सर्वांत चांगला दिवस. एकापाठोपाठ एक काळ्यात. दोन दहा. वकिलाने पाठीवर थाप मारली, "बघा, सांगितलं नव्हतं?" कप्तानने पिस्तूल हातात घेतलं, फिरवलं, खालची गुलाबी पट्टी अंगठ्याने चाचपली आणि परत दिलं. बोलला काहीच नाही. तोही आता म्हातारा झाला आहे.

येताना मी शीळ घालत होतो. जिन्यावर आलं लक्षात. बंद केली. शेजारच्यांनी ऐकली असेल. पाच महिने झाले आणि माणूस शीळ घालतो.

१७ जानेवारी, शनिवार

हे लिहायला जड जातं आहे.

लेकीला आज सुट्टी होती. जेवण झाल्यावर तिने पेटी काढली. मी पेपर वाचत होतो. पेटीच्या कडीचा आवाज ऐकला आणि काही वाटलंही नाही, इतकं ते रोजचं.

मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. वर पाहिलं तर ती मुठीकडे बघत होती. तिने हात लावला, काढला, पुन्हा लावला. जसं अंधारात जिन्याची पायरी पायाने शोधतात तसं तिची करंगळी खाली चाचपडत होती.

"हे काय आहे, बाबा?"

"मूठ मापाची करून घेतली. टोचत होती."

"हे गुलाबी काय आहे?"

"भरण. तिथे खळगा होता."

"खळगा नव्हता तो." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. "तिथे आईचं बोट होतं. माझंही तिथेच बसायचं. इथे तळहात, इथे अंगठा. सगळा हात होता तिचा. मी धरून बसायचे."

मी म्हणालो, "मला वाटलं तू नुसतंच..."

"नुसतंच काय?"

मी पेपरची घडी घातली. ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळेल. तुम्ही एवढंच विचारलंत, शिकायचंय का." पिस्तूल पेटीत नीट ठेवलं, कडी लावली आणि आपल्या खोलीत गेली. दारही आपटलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

क्लबात गेलो नाही.

२० जानेवारी, मंगळवार

लेक कामाला जाते, येते, जेवते. विचारलं तर उत्तर देते. भाजीत मीठ आहे का, हो. डबा नेलास का, हो.

मी महिन्यापूर्वी मागवलेली पट्टी आज आली, मनगटाची. खोकं दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवलेलं होतं. ती ते ओलांडून आत आली असणार.

२४ जानेवारी, शनिवार

मेव्हणीला कळलं आहे. लेकीने सांगितलं नसेल, पण त्या दोघींना सांगावं लागत नाही.

ती स्वयंपाकघरात बसली, हात टेबलावर पसरला, करंगळी पुढे केली. "बघा ही. आमच्या आईची अशीच. ताईची अशीच. शाळेत मुलं चिडवायची, तेव्हा ताई म्हणायची, आपल्याला कोणी हरवू शकत नाही, बोटावरून ओळखतील. भावोजी, तुम्ही लोकांच्या तोंडाचे साचे घेता. एक जुना दात बदलायचा तरी आधी ठसा घेऊन ठेवता. आणि आपल्या बायकोच्या हाताला कानस लावताना एक ठसा घ्यावासा वाटला नाही?"

नाही वाटला. हेच मला कळत नाही. तीस वर्षांत ठशाशिवाय मी कोणाच्याही मापाला हात लावलेला नाही. तो पहिला नियम आहे. प्लास्टर तिथेच होतं, हाताच्या अंतरावर. पाच मिनिटांचं काम.

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली, आणि माझ्या पुढ्यातला गार झालेला चहा उचलून गरम करायला ठेवला.

१ फेब्रुवारी, रविवार

मधले दोन रविवार चुकवून आज क्लबात गेलो. मूठ बसेना. जिथे घासली तिथे आता पोकळ वाटते, छर्रे सगळे डावीकडे. कप्तानने मागून पाहिलं.

"खांदा सैल झालाय तुमचा. आधी कानापाशी असायचा. खांदा उतरला की मनगट बदलतं. हात आता कुठे ठरायला लागलाय."

म्हणजे मूठ चुकली. तो म्हणाला नाही, मीच म्हणालो. कवळीसाठी आलेल्या त्या बाई आठवल्या, आणि मी त्यांना किती शहाणपण शिकवलं होतं ते.

मग मी त्याला सगळं सांगितलं, लेकीचंही. भिंतीसमोर उभा राहत नव्हतो हेही.

"ते माहीत होतं," तो म्हणाला. "भिंतीसमोर कोण उभं राहिलंय ते हातावर दिसतं." मग बराच वेळ तारेला तेल घालत राहिला. "एक सबंध हिवाळा लागला होता त्या मुठीला. ती यायची, मी थोडं कोरायचो, ती भिंतीसमोर महिनाभर धरून यायची, मी आणखी थोडं कोरायचो. खोबण तर मी नुसती सुरू केली होती. बाकीची तिच्या बोटाने झाली."

मी विचारलं, पुन्हा तशी कोरता येईल का. तो म्हणाला, "कोणाच्या हातावरून?"

त्याने क्लबातलं जुनं पिस्तूल माझ्या हातात दिलं. मी घेतलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी पिस्तूल घेऊन पलंगामागच्या भिंतीसमोर उभा राहिलो. क्लबाचं, छर्रा नसलेलं. हात वर, माशी, चाप, टक्, हात खाली.

खाटेची कडी आठवली. हिचे केस आठवले. मी पिस्तूल ठेवलं नाही. मग हेही आठवलं की ही इथेच उभी राहायची, याच फरशीवर, आणि मी पलीकडून ओरडायचो, "अगं किती पुसशील ते." आणि ही हसायची.

डोळ्यांत पाणी असलं की माश्या दोन दिसतात. पुसलं आणि पुन्हा हात उचलला.

लेक स्वयंपाकघरात होती. टक् ऐकू आला की भांड्यांचा आवाज थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा.

९ फेब्रुवारी, सोमवार

भिंत रोज चालू. बूट लेकीच्या कचेरीतूनच परत पाठवले. तिने चिकटपट्टी स्वतः लावली. "मोहीम संपली का?" एवढंच विचारलं. मला ते फार वाटलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सामना झाला. कप्तानला सांगून कागदावरचं 'हिच्या जागी' काढायचं म्हटलं तर तो म्हणाला, तसं लिहिलेलंच नाही, तुमचंच नाव आहे.

क्लबाच्या पिस्तुलाने मारलं. खालून दुसरा आलो. खाली वकील, नव्या मुठीसकट. तो म्हणाला, "आम्ही वरच्या कोर्टात जाणार."

अर्ध्यात एकदा हिची आठवण आली, हात वर असताना. छर्रा बाहेर गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

घरी आलो तर लेक दारात. "किती?" मी सांगितलं. "आई पहिल्या वर्षी शेवटची आली होती," ती म्हणाली. हे मला माहीत नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लेकीला विचारलं, "ते गुलाबी काढून बघतो. तू बसशील शेजारी? तू नको म्हणालीस तर हात लावणार नाही."

ती बसली. टेबलावर फडकं पसरलं, दिवा ओढून घेतला. मूठ तिने धरली, दोन्ही हातांनी. मी म्हणालो, फुटेल, तुकड्या-तुकड्यांनी कोरून काढावं लागेल, लाकडालाही लागेल कदाचित. आधीच सांगून ठेवलं. बारीक हत्यार कडेला घातलं आणि थोडं उचललं.

अख्खं निघालं. टच् करून फडक्यावर पडलं. चरे पाडले नव्हते आणि लाकडात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं, त्यामुळे भरण कुठेच धरलं नव्हतं. लॅबमध्ये कोणी असं काम केलं असतं तर मी परत करायला लावलं असतं.

सवयीने मी तो तुकडा कचऱ्याच्या डब्याकडे नेला.

"थांबा," लेक म्हणाली.

उजेडात धरला. वरची बाजू मी सपाट केलेली होती. खालची बाजू गोल, गुळगुळीत, आणि मधल्या पेराशी एका अंगाला वाकलेली. हिरड्यांचा गुलाबी, म्हणजे कातडीच्या जवळचाच रंग. आत हवेचा एकही बुडबुडा नाही. चांगला ठसा होता. मीच घेतलेला, न कळता.

लेकीने मूठ उजव्या हातात घेतली आणि डोळे मिटले. करंगळी खाली गेली, एकदा हलली आणि बसली.

"तळहाताकडे ढिलं आहे," ती म्हणाली.

"हो. ते गेलं. ते मी घासून टाकलं."

"हं." डोळे मिटलेलेच होते. "बोट आहे."

ती तशीच बसून राहिली. मीही उठलो नाही. मग तिने डोळे उघडले आणि माझ्या हातातला तुकडा स्वतःच्या करंगळीला लावून पाहिला. वाकण तिथल्या तिथे जुळलं.

मी म्हणालो, "तू ठेव हा."

"तुमच्याकडे असू द्या," ती म्हणाली. "माझ्याकडे माझी आहे." आणि आपली करंगळी माझ्यासमोर हलवून दाखवली, लहानपणी दाखवायची तशी.

हिची मूठ पेटीत ठेवली. पेटी लेकीच्या खोलीत गेली. तळहाताच्या फिक्या पडलेल्या जागेला मी तेल लावून देतो म्हणालो, तर नको म्हणाली, आपोआप होईल काळी.

संध्याकाळी क्लबाचं पिस्तूल घेऊन भिंतीसमोर उभा राहिलो. उजवा हात वर, माशी, चाप, टक्. डावा हात खिशात होता, त्या गुलाबी तुकड्याभोवती मिटलेला.